स्तनाच्या ऑपरेशनबद्दल खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जळगावात फिजिओथेरपिस्ट आहे. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बायका माझ्याकडे येतात, बहुतेक उशिरा येतात, आणि पहिलं वाक्य जवळपास सारखंच असतं: "मना हात वर जात नही, माय." त्या, त्यांच्या सुना, मुलं, जावई नंतर फोनवर प्रश्न पाठवत राहतात. चोपडा, शिरपूर, शहादा, चाळीसगाव, सगळीकडून. तेच तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. जिथे संशोधनाचा आधार आहे तिथे साल दिलं आहे, म्हणजे तुमच्या डॉक्टरांशी त्यावर नेमकं बोलता येईल. तुमचा निर्णय मात्र तुमच्या रिपोर्टवरच ठरतो.

१. गाठ कॅन्सरची निघाली. आता पूर्ण स्तन काढावाच लागणार का?

गाठ लवकर सापडली असेल तर बहुतेक वेळा नाही. फक्त गाठ आणि तिच्या भोवतीचा थोडा चांगला भाग काढून नंतर रेडिएशन, म्हणजे आपल्याकडे ज्याला "लाईट" किंवा "शेक" म्हणतात ते घेतलं, तरी आयुष्य तितकंच मिळतं.

हे कसं कळलं ते सांगते, कारण घरातली मोठी माणसं इथेच अडतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतले सर्जन विल्यम हॉलस्टेड स्तनासोबत छातीचे स्नायू आणि काखेतल्या सगळ्या गाठीही (कॅन्सरच्या नव्हे, शरीरात मुळातच असणाऱ्या लसिका ग्रंथी) काढत. जितकं जास्त कापू तितकी बाई जास्त जगेल, असा विश्वास होता, आणि तो कित्येक दशकं टिकला. मग मिलानमध्ये उम्बेर्तो वेरोनेसी यांनी १९७३ पासून ७०१ बायकांना आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १९७६ पासून १,८०० हून जास्त बायकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं वेगवेगळ्या गटांत वाटलं. काहींचं मोठं ऑपरेशन, काहींचा फक्त गाठ असलेला भाग काढला. वीस वर्षं त्या बायकांवर लक्ष ठेवलं. २००२ साली दोन्ही अभ्यासांचे निकाल छापून आले: जगण्यात फरक नव्हता.

लाईट मात्र टाळायची नाही. फिशर यांच्या अभ्यासात फक्त गाठ काढून लाईट न घेतलेल्या शंभरातल्या ३९ जणींना वीस वर्षांत त्याच स्तनात गाठ परत आली, घेतलेल्यांत १४ जणींना.

२. मग माझ्या जाऊबाईचं सगळं का काढलं? डॉक्टरांनी फसवलं का?

असं लगेच समजू नका. स्तनाच्या मानाने गाठ फार मोठी असेल, एकाच स्तनात दूर दूर गाठी असतील, त्या बाजूला आधी कधी रेडिएशन झालं असेल, कातडी लाल होऊन सुजलेला प्रकार असेल, तर पूर्ण स्तन काढणंच योग्य ठरतं. मोठी गाठ आधी केमोने लहान करून स्तन वाचवता येतो, पण प्रत्येकीची गाठ तितकी विरघळत नाही. काही जणी स्वतःहूनही पूर्ण काढायला सांगतात. तो त्यांचा हक्क आहे.

आपल्या भागात आणखी एक कारण मी वारंवार ऐकते, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. लाईट घ्यायला नाशिक, मुंबई किंवा सुरतला जाऊन राहावं लागणार, शेत आणि लेकरं कोण बघणार, म्हणून "सगळंच काढून टाका" असं घरचे ठरवतात. एक तर गाठ काखेत पसरली असेल तर पूर्ण स्तन काढूनही लाईट लागू शकते. दुसरं म्हणजे लाईटचे दिवस आता पुष्कळ कमी झाले आहेत. पूर्वी पाच आठवडे लागत. नंतर तीन आठवड्यांत १५ वेळा देणं तितकंच चांगलं ठरलं. २०२० साली ब्रिटनमधल्या ४,०९६ रुग्णांच्या अभ्यासात एका आठवड्यात ५ वेळा दिलेली लाईटही गाठ परत येण्याच्या बाबतीत तीन आठवड्यांइतकीच चांगली निघाली. सगळ्यांना पाच दिवसांची चालत नाही, पण "माझ्यासाठी कमीत कमी किती दिवस?" हा प्रश्न ऑपरेशनच्या आधी विचारा.

३. सुई टोचून तपासणी केली तर कॅन्सर पसरतो ना?

नाही. बायोप्सीमुळे आयुष्य कमी झाल्याचा पुरावा नाही. बायोप्सी न करता थेट गाठ कापून काढली, तर मात्र पुढचं सगळं चुकीच्या क्रमाने होतं: केमो आधी हवी होती का, काख तपासायला हवी होती का, हे नंतर कळतं. आधी सुई, मग सुरी.

४. गाठ स्तनात आहे, मग काखेत का कापतात?

स्तनातलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या काखेतल्या गाठींकडे जातात. पाटचारीतून पहिल्या शेताला आधी पाणी मिळतं, तसा पसरलेला कॅन्सर बहुधा पहिल्या एक-दोन गाठींत आधी दिसतो. त्यांना सेंटिनल गाठी म्हणतात. ऑपरेशनच्या वेळी निळा रंग किंवा किरणोत्सारी औषध टोचून त्या शोधतात आणि तेवढ्याच तपासतात. त्या स्वच्छ असतील तर बाकीची काख तशीच ठेवतात. २००६ साली ब्रिटनमधल्या अभ्यासात अशा बायकांचा हात कमी सुजला आणि त्या लवकर कामाला लागल्या. २०१० साली अमेरिकेतल्या अभ्यासाने दाखवलं की जगण्यातही काही तोटा नाही.

एक सूचना. निळा रंग वापरला असेल तर एक-दोन दिवस लघवी हिरवट-निळी होते. एका मुलाने रात्री दोन वाजता मला घाबरून फोन केला होता. ऑपरेशनआधी हे कोणीतरी त्यांना सांगायला हवं होतं.

५. काखेच्या पहिल्या गाठीत कॅन्सर सापडला. आता सगळी काख साफ करावी लागेल, म्हणजे तिथल्या सगळ्या गाठी काढाव्या लागतील?

दरवेळी नाही. एक किंवा दोनच सेंटिनल गाठींत कॅन्सर, स्तनातली गाठ ५ सेंटिमीटरपर्यंत, स्तन वाचवला आहे आणि पूर्ण स्तनाला लाईट मिळणार आहे, अशा ८९१ बायकांचा अमेरिकेत अभ्यास झाला. अर्ध्यांची काख साफ केली, अर्ध्यांची सोडली. दहा वर्षांनी, २०१७ साली निकाल आला: काख सोडलेल्या कुठेच मागे पडल्या नव्हत्या.

२०२३ साली मिलानहून आणखी पुढची बातमी आली. गाठ २ सेंटिमीटरपर्यंत आणि काखेची सोनोग्राफी स्वच्छ असेल, तर काही बायकांत सेंटिनल गाठसुद्धा न काढता चालतं.

अपवाद लक्षात ठेवा. काखेत हाताला गाठी लागत असतील, तीन किंवा जास्त गाठींत कॅन्सर असेल, किंवा केमो आधी घेऊनही गाठींत कॅन्सर उरला असेल, तर वरचं जसंच्या तसं लागू होत नाही. आपल्याकडे बायका उशिरा येतात, त्यामुळे पूर्ण काख साफ करावी लागलेल्या पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी प्रश्न ९ आणि १० सगळ्यांत महत्त्वाचे.

६. स्तन वाचवला तर पुन्हा ऑपरेशन करावं लागतं म्हणतात.

काहींना लागतं. काढलेल्या तुकड्याच्या बाहेरच्या बाजूला शाई लावून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. आजूबाजूच्या भागात घुसणाऱ्या कॅन्सरमध्ये शाईपर्यंत कॅन्सर पोहोचला नसेल तर ते पुरेसं, असं २०१४ पासून मानलं जातं. त्याआधी "अजून थोडं काढा" म्हणून किती तरी जणींना परत टेबलावर जावं लागायचं. २०१५ साली अमेरिकेत २३५ रुग्णांवर साधी गोष्ट करून पाहिली: गाठ काढल्यावर त्या पोकळीच्या कडांचा आणखी एक पातळ थर त्याच वेळी काढायचा. दुसऱ्या ऑपरेशनचं प्रमाण २१ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आलं. तुमच्या सर्जनना "कडा तिथल्या तिथे तपासता का, की रिपोर्टची वाट बघता?" असं विचारायला काहीच हरकत नाही.

७. ऑपरेशनआधी गाठीभोवती कसलं इंजेक्शन देतात? मुंबईत दिलं, आमच्या गावच्या डॉक्टरांना माहीत नाही.

ते लिग्नोकेन. दात काढताना हिरडी बधिर करायला जे देतात, तेच. टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या ११ केंद्रांत सोळाशेच्या आसपास बायकांवर हा अभ्यास केला. अर्ध्यांना गाठ काढण्याआधी ७ ते १० मिनिटं तिच्या चारही बाजूंनी हे औषध टोचलं. पाच वर्षांनी इंजेक्शन मिळालेल्यांत ९०.१ टक्के हयात होत्या, न मिळालेल्यांत ८६.४ टक्के. २०२३ साली हे छापून आलं. गाठ कापताना आसपासच्या पेशींना पसरण्याचे जे इशारे मिळतात ते हे औषध थांबवत असावं, असा तर्क आहे.

इतकं स्वस्त, कुठल्याही तालुक्याच्या दवाखान्यात मिळणारं औषध, आणि अभ्यास आपल्याच देशातला. मला याचा मनापासून अभिमान वाटतो. पण दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. हा एकच मोठा अभ्यास आहे, त्यामुळे सगळीकडे तो नियम झालेला नाही. आणि त्यातल्या बायका केमो आधी न घेता थेट ऑपरेशनला गेल्या होत्या. आधी केमो झालेल्यांना तेवढाच फायदा होतो, असं त्यावरून म्हणता येत नाही. गावच्या डॉक्टरांना हे दाखवा. मला भेटलेल्या डॉक्टरांनी तरी आस्थेनेच वाचलं आहे.

८. नळी घेऊनच घरी पाठवलं. ती कधी काढतात?

जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या या नळीतून रोज किती पाणी येतं त्यावर ठरतं. बरेच सर्जन चोवीस तासांत ३० मिलिलीटरच्या आसपास आलं की काढतात. रोज ठरलेल्या वेळी मोजा आणि कॅलेंडरवर लिहा. पुढच्या भेटीला ते कॅलेंडरच घेऊन जा.

नळी काढल्यावर काखेत किंवा छातीवर पाणी साचून फुगवटा येणं नेहमीचं आहे. डॉक्टर ते सुईने काढतात. घरी दाबून बघू नका. ताप, लाली, घाण वास किंवा पू दिसला तर त्याच दिवशी जा.

एप्रिल-मेमध्ये ऑपरेशन झालं असेल तर जखमेपेक्षा घामाचाच त्रास जास्त. भुसावळ-जळगावचा पारा ४५ ला टेकतो. सैल सुती ब्लाउज पुढून उघडणारा शिवून घ्या आणि नळीच्या डब्यासाठी आतून खिसा लावा. जखमेवर हळद, तूप, राख काहीही नको.

९. हात कधीपासून हलवायचा? सासूबाई म्हणतात टाके तुटतील, महिनाभर हात बांधून ठेव.

दुसऱ्या दिवसापासून हलवायचा. सर्जनने खास मनाई केली नसेल, तर बांधून कधीही ठेवायचा नाही.

माझ्याकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येक ताठ खांद्यामागे हीच बांधलेल्या हाताची गोष्ट असते. घरच्यांनी प्रेमानेच बांधलेला असतो. महिन्याभराने हात कमरेच्या वर जात नाही, वेणी घालता येत नाही, आणि लाईटच्या टेबलावर हात डोक्यामागे ठेवायला सांगतात तेव्हा तो तिथे पोहोचतच नाही. अशा वेळी लाईटच पुढे ढकलावी लागते.

पहिला आठवडा: मूठ उघड-बंद, कोपर वाकवणं, खांदे गोल फिरवणं. हात पुढे आणि बाजूला खांद्याच्या उंचीपर्यंतच. त्याच्या वर लगेच नेला तर जास्त पाणी साचतं, असं जुन्या अभ्यासांत दिसलं आहे. चहाचा कप धरणं, तोंड धुणं, केसांवरून फणी फिरवणं हे सगळं त्याच हाताने करा.

दुसऱ्या आठवड्यापासून: भिंतीकडे तोंड करून उभ्या राहा, बोटं भिंतीवरून मुंगीसारखी वर चढवा. पोहोचाल तिथे खडूने खूण करा आणि तारीख लिहा. रोज खूण थोडी वर जायला हवी. आडवं पडून दोन्ही हातांनी लाटणं धरून डोक्याकडे न्या. ताण जाणवावा, पण डोळ्यांत पाणी येईल इतकं दुखू नये.

हे माझं एकटीचं मत नाही. २०२१ साली ब्रिटनमध्ये ३९२ बायकांचा अभ्यास छापून आला. सगळ्यांची काख साफ झालेली, किंवा काखेला लाईट मिळणार होती, किंवा खांदा आधीच दुखरा, म्हणजे हात अडकण्याचा धोका जास्त असलेल्या. अर्ध्यांना व्यायामाचं पत्रक दिलं. अर्ध्यांना ७ ते १० दिवसांपासून फिजिओथेरपिस्टने समोर बसून व्यायाम शिकवला आणि वर्षभर पाठपुरावा केला. वर्षाने दुसऱ्या गटाचा हात स्पष्ट चांगला होता, दुखणंही कमी. हात सुजण्याचं प्रमाण वाढलं नाही. म्हणून नुसता व्यायामाचा कागद हातात दिला तर "एकदा करून दाखवा" म्हणा.

मी एक माप ठेवलं आहे. खापरावरचे मांडे करणारी बाई दोन्ही हात उंच करून मांडा हातांवरच मोठा करते. तीन महिन्यांनी तेवढे हात वर गेले पाहिजेत. मांडे करता येत नसले तरी हात तेवढेच वर न्यायचे.

स्तनाची पुनर्रचना झाली असेल, म्हणजे पोटाचा किंवा पाठीचा भाग लावला असेल, तर हे वेळापत्रक लागू नाही. तुमच्या प्लास्टिक सर्जनचंच ऐका.

१०. हात सुजू नये म्हणून हंडा उचलायचा नाही, कापूस वेचायचा नाही, बांगड्या घालायच्या नाहीत, बीपी मोजू द्यायचं नाही. हे सगळं आयुष्यभर?

नाही. या यादीने बायकांना ऑपरेशनपेक्षा जास्त अपंग केलं आहे.

सूज नेमकी कोणाला जास्त येते? पूर्ण काख साफ झालेल्यांना, काखेला लाईट दिलेल्यांना, वजन जास्त असलेल्यांना आणि ऑपरेशनच्या बाजूच्या हाताला जंतुसंसर्ग झालेल्यांना. अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये ६३२ रुग्णांचे हात पुन्हा पुन्हा मोजले (२०१६). त्या हाताचं रक्त घेणं किंवा बीपी मोजणं यांचा सुजेशी संबंध दिसला नाही. दुसरा हात मोकळा असेल तर तो द्या, पण तातडीच्या वेळी अडून बसू नका.

वजनाबद्दल तर २००९ सालीच पाहून झालं आहे. आधीच हात सुजलेल्या १४१ बायकांना हळूहळू वाढवत वजन उचलायला शिकवलं. सूज वाढली नाही, उलट ती उसळण्याचे प्रसंग कमी झाले. "हळूहळू वाढवत" हे शब्द मात्र सोडू नका. सहा महिने तांब्याही न उचललेल्या हाताने एकदम भरलेला हंडा किंवा केळीचा घड उचलू नका. अर्ध्या बादलीपासून सुरू करा.

कापूस वेचताना खरा धोका बोंडाच्या टोकदार पाकळ्यांचा. ओरखडा पडतो, माती जाते, आणि हात लाल होऊन तापतो. म्हणून लांब बाह्यांचा शर्ट, हातमोजे, घरी आल्यावर साबणाने धुणं. हात एकदम लाल, गरम झाला आणि थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट बघू नका. त्याला लगेच अँटिबायोटिक लागतं. बांगड्या रुतत नसतील तर खुशाल घाला.

११. वर्ष झालं तरी काखेत बधिर आहे आणि मुंग्या येतात. कॅन्सर परत आला का?

बहुधा नाही. काखेतून दंडाच्या आतल्या बाजूला जाणारी नस ऑपरेशनमध्ये ताणली किंवा कापली जाते. डेन्मार्कमध्ये २००९ साली ३,२५३ बायकांना विचारलं, तर दोन-तीन वर्षांनंतरही ४७ टक्के बायकांना काही ना काही दुखणं होतं. तुम्ही एकट्या नाही, आणि "मनाचे खेळ" तर मुळीच नाहीत. नसांच्या दुखण्याच्या वेगळ्या गोळ्या असतात, त्या मागा. नवीन गाठ, वाढत जाणारं एकाच जागचं दुखणं किंवा हाताची ताकद कमी होणं दिसलं तर मात्र दाखवून या.

१२. मिश्री लावते. ऑपरेशनआधी सांगायला हवं का?

हो. तंबाखूतल्या निकोटिनने कातडीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम उशिरा भरते. लाजू नका. ठरलेल्या तारखेच्या निदान चार आठवडे आधी बंद करा. खाण्यात पथ्य नाही: कळण्याची भाकरी, डाळ, अंडी, दूध सगळं चालतं. साखरेचा आजार असेल तर साखर आटोक्यात हवी.

१३. मोठ्या दवाखान्यात "ट्रायल"मध्ये नाव घालू का विचारतात. आमच्यावर प्रयोग करणार?

ट्रायल म्हणजे वर सांगितले तसे गट पाडून केलेले अभ्यास. वरच्या बहुतेक उत्तरांमागे अशा ट्रायलमध्ये नाव दिलेल्या बायका आहेत. त्यांच्यामुळे आज तुमची काख वाचते. तरीही हो म्हणणं बंधनकारक नाही, आणि नाही म्हटलं म्हणून नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. मध्येच बाहेर पडता येतं, कारण न सांगता.

सही करण्याआधी विचारा: ही ट्रायल नसती तर मला काय उपचार मिळाले असते? कोणत्या गटात जाईन हे कोण ठरवतं? जास्तीच्या फेऱ्यांचा प्रवासखर्च कोण देणार? ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोणाकडे? भारतात क्लिनिकल ट्रायलची नोंद सरकारी रजिस्टरमध्ये होते, २००९ पासून ती सक्तीची आहे. नोंदणी क्रमांक मागा. संमतीपत्राची प्रत तुमची, ती घरी न्या आणि चार जणांना दाखवा.

१४. आईला वाचता येत नाही, ती पावरीच बोलते. ट्रायलच्या संमतीपत्रावर अंगठा घेतला तर चालतो?

अंगठा चालतो, पण तिला तिच्या भाषेत समजावलेलं असेल आणि ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार त्या वेळी हजर असेल, तरच. तुम्ही दुभाषी झालात तर एक काळजी घ्या: डॉक्टर बोलले ते सगळं सांगा, आपल्या मनाने वाईट भाग गाळू नका. मग आईला विचारा, "काय समजलं ते मला सांग." धडगाव-अक्कलकुव्याकडच्या किती तरी जणींच्या बाबतीत ही एक पायरी वगळली जाते.

१५. आजी ७८ वर्षांची आहे. ऑपरेशन टाळून फक्त गोळ्या चालतील का?

गाठ हार्मोनला प्रतिसाद देणारी असेल आणि आजी भूल सोसू शकणार नसेल, तर गोळ्या हा मार्ग आहे. पण भूल सोसण्याइतकी तब्येत असेल तर ऑपरेशन चांगलं. गोळ्यांवर ठेवलेल्या बायकांत काही काळाने गाठ पुन्हा वाढण्याचं प्रमाण जास्त दिसलं आहे. नुसतं वय सांगू नका, ती रोज काय काय करते ते डॉक्टरांना सांगा.

या वयात लाईट मात्र कधी कधी टाळता येते. ६५ वर्षांवरच्या, लहान गाठ, काख स्वच्छ, हार्मोनच्या गोळ्या नियमित घेणाऱ्या १,३२६ बायकांच्या अभ्यासात दहा वर्षांनी हयात राहण्याचं प्रमाण लाईट घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोन्ही गटांत सारखं होतं. त्याच स्तनात गाठ परत येण्याचं प्रमाण लाईटशिवाय ९.५ टक्के आणि लाईट घेऊन ०.९ टक्के. प्रश्न १ मध्ये लाईट टाळू नका असं म्हटलं, त्याला हा अपवाद.

१६. कॅन्सर हाडांत गेला आहे. तरी स्तनातली गाठ काढून टाकली तर आयुष्य वाढेल ना?

सगळ्यांत जड प्रश्न हाच. टाटा मेमोरियलमध्ये अशा ३५० बायकांवर अभ्यास झाला, २०१५ साली तो छापून आला. गाठ काढल्याने आयुष्य वाढलं नाही. म्हणून डॉक्टर ऑपरेशन नको म्हणाले तर त्यांनी हात टेकले असं समजून शेत विकून दुसरीकडे धावू नका. गोळ्या, केमो, हाडांची इंजेक्शनं, दुखण्याचे उपचार हेच तिथे खरं काम करतात. गाठ फुटून रक्त किंवा वास येत असेल तर त्रास कमी करण्यासाठी ऑपरेशन करतात. तो उद्देश वेगळा आहे.

१७. पुरुषांना होतो का?

होतो, फार थोड्यांना. काका-मामांच्या स्तनाग्रामागे टणक गाठ असेल तर "पुरुषाला कसला" म्हणून थांबू नका. तपासणी आणि ऑपरेशनचे टप्पे वरच्यासारखेच, फक्त स्तन लहान असल्याने बहुतेक वेळा पूर्ण काढतात.

१८. माघात ऑपरेशन झालं. आखाजीला माहेरी जाईन, झोका खेळता येईल का?

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि मला फार आवडतो. जखम पूर्ण भरली असेल, लाईटने कातडी सोललेली नसेल आणि भिंतीवरची खूण (प्रश्न ९) दुसऱ्या हाताच्या जवळपास पोहोचली असेल, तर हो. केमो चालू असेल तर अशक्तपणा पाहून ठरवा आणि दुपारच्या उन्हात नको. उभं राहून झोके घेऊ नका, बसून घ्या. दोर डोक्याच्या वर धरू नका, छातीच्या उंचीला धरा, आणि पहिले चार झोके बहिणीला मागून हळूच द्यायला सांगा.